डावी बाजू बधिर

४ फेब्रुवारी

प्रिय काडीराव,

आशीर्वाद तर आहेतच, शिवाय पाठीत एक धपाटा बसला असं समज. मागच्या पत्राला उत्तर का नाही? आणि 'फोन कर' म्हणू नकोस. रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात दिवसभर फोन कानाला लावून बसणाऱ्या बाईला घरी आल्यावर त्या यंत्राचं तोंड बघवत नाही. पत्रात कसं, कोणी मध्येच ओरडत नाही की गाडी कुठवर आली.

ताईकडून कळलं, तू दंतवैद्यांच्या सभेत पुन्हा व्याख्यान दिलंस. विषय, रुग्णांच्या नोंदी कशा सांभाळाव्यात. मला हसू आवरेना. कॉलेजात असताना तू माझ्याकडे राहायचास, तेव्हा तुझं कपाट उघडलं की मोजे अंगावर कोसळायचे. मेणाच्या ठोकळ्यातून दाढा कोरायचास आणि माझ्या खिडकीत ओळीने मांडून ठेवायचास. शेजारीण विचारायची, हे दात कुणाचे? मी सांगायचे, आमच्याकडे जो भाडं थकवतो त्याचे.

तर आता कामाचं. माझी एक जुनी मैत्रीण आहे, एका शाळेत गाणं शिकवते. तिच्या दंतवैद्याने तिच्या नोंदीचं पान तिला न विचारता शाळेला देऊन टाकलं. त्यातलं काहीतरी वाचून मुख्याध्यापकांनी तिचा वर्ग काढून घेतला. ती बिचारी विचारते आहे, असं देता येतं का? नियम काय म्हणतो? तू यातला पंडित आहेस, जरा सविस्तर लिही. मी तिला वाचून दाखवेन.

तू विचारायच्या आत सांगते, माझा ओठ अगदी पूर्ववत आहे. तू अक्कलदाढ काढल्यापासून अक्कल तेवढी कमी झाली, बाकी सगळं जागच्या जागी.

तुझी
मावशी


११ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

धपाटा पोचला, पाठ चोळत लिहितो आहे. उत्तराला उशीर झाला कारण तुमच्याच कक्षाचं काम डोक्यावर आहे. सगळ्या कर्मचाऱ्यांच्या दातांच्या तपासणीचा करार पुढच्या वर्षीही माझ्याच दवाखान्याला मिळावा म्हणून धडपडतो आहे. तुमचे साहेब भले गृहस्थ आहेत. फार खोलात जात नाहीत.

तुझ्या मैत्रिणीचं वाचून डोकं फिरलं. नियम अगदी स्पष्ट आहे. कागद दवाखान्याचा, पण कागदावरची माहिती रुग्णाची. हे वाक्य मी व्याख्यानात सुरुवातीला म्हणतो आणि शेवटी पुन्हा म्हणतो. रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय नोंद कुणालाही दाखवायची नाही. तोंडी संमती चालत नाही, मान हलवलेली चालत नाही आणि 'घरचेच तर आहेत' हे तर मुळीच चालत नाही. उलट घरच्यांच्या बाबतीतच डॉक्टर ढिले पडतात, असं मी नेहमी सांगतो. उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला किंवा न्यायालयाने मागितली तर गोष्ट वेगळी. नोकरी देणाऱ्याला फार तर एवढंच कळवायचं, की तपासणी झाली. पान त्याच्या हाती द्यायचं नाही.

आणि रुग्णाने नक्कल मागितली तर ती द्यावीच लागते. 'फाडून टाका' म्हणाला तर मात्र ठरलेली वर्षं संपेपर्यंत फाडता येत नाही. चूक झाली असेल तर तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं काय ते लिहून तारीख आणि सही करायची. खाडाखोड करून लपवलं तर परवान्यावर बेततं.

मैत्रिणीला म्हणावं, त्या माणसाला सोडू नकोस. असल्या लोकांमुळे आमच्या पेशाचं नाक कापलं जातं. तिला घेऊन ये, तक्रार मी लिहून देतो.

ओठ बरा झाला हे वाचून जिवात जीव आला.

तुझा
काडी


१७ फेब्रुवारी

प्रिय काडीराव,

तुझं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग वाटलं, आता पडदा ठेवण्यात अर्थ नाही. गाण्याची शिक्षिका मीच आणि शाळा म्हणजे आमचं ऑफिस. खोटं बोलले कारण नियम तुझ्या तोंडून निखळ ऐकायचा होता. माझं नाव दिसलं असतं तर तू आधी काळजी केली असतीस आणि नियम बाजूला राहिला असता.

झालं ते असं. साहेबांनी बोलावलं. टेबलावर एक पान होतं. तुझं अक्षर मी कुठेही ओळखेन, तुझा 'ध' अजून पोटावर पडलेला असतो. पानावर माझं नाव आणि खाली लिहिलेलं, 'डावी बाजू बधिर. पुढच्या भेटीतही बधिरता कायम.' साहेब फार हळुवारपणे, जरा मोठ्याने बोलले, "बाई, एवढी वर्षं कमी ऐकू येत असून तुम्ही सांगितलं नाहीत?" मला आधी कळेचना. मग हसू फुटलं. दात दाखवत हसले, तर त्यांना वाटलं, मला प्रश्नच ऐकू आला नाही.

त्यांना कोण सांगणार की तुमच्या भाषेत बधिर म्हणजे सुन्न? ओठ सुन्न, हनुवटी सुन्न. मी सांगितलं. ते म्हणाले, कागदावर ओठ कुठे लिहिलंय? खरंच नव्हतं. तू घाईत लिहायचं विसरलास. मला फोनवरून उठवून भांडारात बसवलं आहे. ब्लँकेटांच्या घड्या घालते आणि स्ट्रेचरचे पट्टे तपासते. पलीकडच्या खोलीत फोन वाजतात. बाईचं रडणं आहे की नुसता श्वास, हे पहिल्या क्षणाला ओळखणारं तिथे आता कोणी नाही. माझ्या खुर्चीवर नवी मुलगी आहे. हुशार आहे, पण कान अजून शिकायचाय. मला रात्री झोप लागत नाही, एवढंच सांगते.

पान आमच्या ऑफिसात कसं आलं हे तू शोधशीलच. तुझ्या दवाखान्यातल्या कुणीतरी गठ्ठ्यात घालून दिलं असणार. त्याच्यावर फार ओरडू नकोस. मला फक्त तुझी एक ओळ हवी आहे साहेबांच्या नावाने, की बधिर तो ओठ, कान नव्हे.

आणि आता खरं सांगूनच टाकते. ओठ बरा झालेला नाही. चहा हनुवटीवरून ओघळतो आणि मला पत्ता लागत नाही. जेवताना चावला जातो. तू मनाला लावून घेशील म्हणून बरा झाला म्हणाले. दाढ अवघड होती, तू जपून काढलीस, मी काही तुला दोष देत नाही.

एक ओळ, काडी. लवकर.

तुझी
मावशी


२ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र मिळालं. माफी माग म्हणशील तितक्या वेळा मागतो.

पान कुणी कर्मचाऱ्याने दिलं नाही, मी दिलं. कराराच्या फेरविचारासाठी साहेबांनी सगळ्यांच्या तपासणीचा तपशील मागितला. नुसता आकडा द्यायला हवा होता, पण त्यांना कामाचा दर्जा दाखवावा म्हणून मी पानंच पाठवली. बाकीच्यांच्या सह्या घेतल्या होत्या. तू घरची, म्हणून तुझी सही घ्यायची राहिली. आता वाचताना मला माझंच व्याख्यान आठवतं, तू हसण्याआधी सांगतो.

ओळ लिहायला माझी ना नाही. पण जरा विचार कर. 'ओठ' लिहिलं की पुढचा प्रश्न येणारच, ओठ सुन्न का? दाढ काढताना नस दुखावली हे बाहेर आलं की करार गेला म्हणून समज. तुमच्या ऑफिसच्या नावावर माझ्याकडे आणखी लोक येतात. दवाखान्यात माणसं कामाला आहेत, त्यांची घरं आहेत. महिन्याभरात निर्णय होईल, मग मी हवं ते लिहून देतो.

तोवर सोपा उपाय आहे. कानाच्या डॉक्टरकडे जा, तपासून घे. कान उत्तम निघतील, विषय मिटेल, माझं नाव मध्ये यायचं कारणच नाही. आणि खरं सांगू का, भांडारात थोडा आराम होतो आहे तर होऊ दे. या वयात ती धावपळ किती दिवस करायची?

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. तिचं रक्त आधीच चढतं.

तुझा
काडी


९ मार्च

प्रिय काडीराव,

तुझं पत्र वाचून मी जरा वेळ ब्लँकेटांच्या ढिगावर बसले. तू भोळा आहेस, घाबरला आहेस, असं स्वतःला समजावलं. रागावले नाही म्हटलं तर खोटं होईल. 'घरची म्हणून' हे वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित केलं आहे.

तरी तुझं ऐकलं. कान तपासून घेतले. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, माझ्यापेक्षा तुमचे कान तल्लख आहेत. कागद घेऊन साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "एक डॉक्टर म्हणतात ऐकू येतं, दुसरे म्हणतात येत नाही. ज्यांनी आधी लिहिलं त्यांनी लेखी मागे घेतल्याशिवाय मी तुम्हाला फोनवर बसवू शकत नाही. उद्या एखादा जीव गेला तर?" त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. त्या खोलीत मीही हेच म्हटलं असतं.

मग ते आणखी एक बोलले. "मी शंका नको म्हणून तुमच्या भाच्याला त्याच दिवशी फोन करून विचारलं होतं. बधिर म्हणजे कानच ना? ते हो म्हणाले."

मी म्हटलं, शक्य नाही. साहेबांना 'हो' आणि 'अहो' सारखंच ऐकू येतं, हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक आहे. तू 'अहो, कान कसला' म्हणाला असशील आणि त्यांनी पहिल्या शब्दावर फोन ठेवला असेल. एकदा त्यांनी 'गाडी नको' ऐकून 'गाडी' तेवढी पाठवली होती.

आता ऐक. आमच्या कक्षातून जाणारा प्रत्येक फोन ध्वनिमुद्रित होतो. साहेबांनी तुला तिथूनच फोन केला होता. ध्वनिमुद्रणं सांभाळणारी मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली. ती म्हणाली, "बाई, या इकडे, मी लावते, ऐका आणि मोकळ्या व्हा." माझा पाय उंबऱ्याशी थांबला. आवाज तुझा आहे, बोलणं तुझं आहे. माझं पान कुणी मला न विचारता वाचलं म्हणून मी रडते आणि तुझं बोलणं तुला न विचारता ऐकते, हे बरं दिसत नाही. मी तिला नाही म्हटलं.

तेव्हा तूच मला लेखी संमती पाठव. 'मावशीला माझं संभाषण ऐकू द्यावं.' खाली सही. मग मी साहेबांना समोर बसवून ऐकवते आणि त्यांची जिरवते.

वाट बघते.

मावशी


२० मार्च

मावशी,

ते ऐकू नकोस.

संमतीचा कागद लिहायला घेतला होता. सहीपर्यंत आलो आणि कागद बाजूला ठेवला. तू तिथे साहेबांना समोर बसवून ऐकणार, त्याआधी माझ्याकडूनच ऐक.

मी 'अहो' म्हणालो नाही, मावशी. 'हो' म्हणालो. त्यांनी विचारलं, कानच ना, आणि मला वाटलं, देवानेच वाट काढून दिली. ओठाचा विषयच निघणार नाही. ते पुढे म्हणाले, मग त्यांना दुसरं काम द्यावं लागेल. मी म्हणालो, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. तेही त्यात ऐकू आलं असतं.

आणि पानावर ओठ लिहायचं मी विसरलो नव्हतो. दाढ काढली त्याच दिवशी नस दुखावल्याचं माझ्या लक्षात आलं होतं. म्हणून मोघम लिहिलं. पुढे कुणी विचारलंच तर म्हणता यावं, की त्या त्या भेटीत दिलेल्या इंजेक्शनची नेहमीची बधिरता होती. ओठ बरा झाला असं तू लिहिलंस तेव्हा मी देवाचे आभार मानले आणि तुला बोलावून तो तपासायचंही टाळलं.

मी वाईट माणूस नाही, तुला माहीत आहे. मला वाटलं, तुझी नोकरी तशीही थोडीच उरली आहे आणि मला अजून सगळं आयुष्य काढायचं आहे. तू आमच्याकडे राहायला ये. वरची खोली मोकळी आहे. तुला काही कमी पडू देणार नाही.

मला शिव्या दे, पण उत्तर दे.

काडी


२४ मार्च

डॉक्टर,

आपलं पत्र मिळालं.

मी आपली रुग्ण या नात्याने लिहिते आहे. माझ्या नोंदीची पूर्ण नक्कल मला हवी आहे. आपण कळवलेल्या नियमानुसार ती द्यावीच लागते. माझं पान माझ्या संमतीशिवाय कुणाला आणि कोणत्या कारणासाठी दिलं, हे नोंदीत लिहावं. 'डावी बाजू बधिर' या शब्दांवर एकच रेघ मारावी, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी खरं काय ते लिहून सही करावी. त्याची एक प्रत आमच्या साहेबांना जावी. यापुढे माझे उपचार इथल्या दुसऱ्या एक दंतवैद्य बाई करतील, त्यांना नोंद पाठवायला माझी लेखी संमती सोबत जोडली आहे.

कागदाचं इतकंच.

फोनवरच्या खुर्चीबद्दल आपण लिहिलंत की थोडीच उरली आहे. आपल्याला ती काय आहे हे कधी नीट सांगितलंच नाही. मध्यंतरी एक फोन आला होता, त्यात कोणी बोललंच नाही. बाकीच्यांनी खोडसाळपणा म्हणून बंद केला असता. मला नळ वाहताना ऐकू आला आणि त्याच्या मागे कुणाचं तरी अडखळतं कण्हणं. गाडी पाठवली. म्हातारे गृहस्थ न्हाणीघरात पडलेले सापडले, जगले. असं काही झालं की घरी येऊन मी एकटीच चहा करते आणि माझं जगणं मला आवडतं. तेवढंच माझं आहे. ते आपण एका 'हो'मध्ये देऊन टाकलंत.

मला फार वाईट वाटलं. राग आहे, तो जाईल कदाचित. पण आपण केसाने गळा कापलात आणि कापताना मी हालू नये म्हणून 'घरची' म्हणालात, ते कसं जाईल कळत नाही. मी आपल्यासाठी खोटं बोलले की ओठ बरा आहे. आपण माझ्याबद्दल खोटं बोललात की मी बहिरी आहे. दोन्ही खोटी एकाच माणसाला वाचवायला होती.

वरची खोली नको.

ध्वनिमुद्रण मी ऐकलेलं नाही आणि ऐकणार नाही. आपण संमती दिलेली नाही.

आपली रुग्ण


१२ एप्रिल

मावशी,

सांगितलंस तसं सगळं केलं. रेघ मारली, ओठ लिहिलं, नस लिहिली, साहेबांना काय म्हणालो होतो तेही लिहिलं. प्रत पाठवली. ते स्वतः इथे आले, मूळ कागद वाचला आणि गेले. करार दुसऱ्या दवाखान्याला मिळाला. दंतवैद्यांच्या मंडळाने खुलासा मागवला आहे, आणि व्याख्यानांच्या यादीतून मला काढलं आहे. तुझी नक्कल सोबत आहे, पहिल्या पानापासून. त्यात कॉलेजात असताना मी भरलेली तुझी पहिली दाढही आहे. तेव्हा मी सुरू करायलाच कचरत होतो आणि तू डोळे मिटून म्हणत होतीस, कर रे, माझ्या तोंडात तू आहेस, मला काय भीती.

आईला मीच सांगितलं. तिने सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, तिला लिही.

सगळं दिलं, मावशी. आता पुन्हा 'तू' म्हण. हवं तर शिवीत म्हण, पण 'तू' म्हण. 'आपण' वाचलं की मला आमच्या घरात कोणी परकं येऊन बसल्यासारखं वाटतं, आणि ते परकं मीच असतो.

तुझा
काडी


२१ एप्रिल

डॉक्टर,

नक्कल मिळाली. नियमाप्रमाणे सर्व आहे. रेघेखालचं नीट वाचता येतं.

गेल्या आठवड्यापासून मी फोनवर आहे. साहेबांनी सर्वांसमोर माफी मागितली, अजूनही जरा मोठ्याने बोलून. नवी मुलगी शेजारी बसते, तिला शिकवते. ओठासाठी इथल्या दंतवैद्य बाईंकडे जाते. त्या म्हणाल्या, आता फारसा फरक पडेल असं वाटत नाही. त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि मग माझी सही घेतली.

मंडळाने मला विचारलं तर मी घडलं तेवढंच सांगेन, वाढवून काही सांगणार नाही. दवाखान्यातल्या माणसांची नोकरी टिकावी असं मला मनापासून वाटतं. ताईच्या गोळ्या वेळेवर चालू ठेवाव्यात.

आपण जे मागितलंत ते मी करून पाहिलं. या पत्राचा पहिला कागद 'प्रिय' असा सुरू केला होता. पुढे आपलं लाडकं नाव लिहिलं, 'तू कसा आहेस' लिहिलं. मग मोठ्याने वाचून पाहिलं. शब्द नीट उमटले, पण बोलते आहे ती मी नाही असं वाटलं. तो कागद फाडला. त्याच्यावर कुठला नियम नसावा.

कळावे,

आपल्या आईची धाकटी बहीण